पुढच्या मांडवापासून

गेल्या रविवारी आमच्या इमारतीचा अध्यक्ष या नात्यानं मी एक ठराव एकमतानं मंजूर करून घेतला, टाळ्याही घेतल्या, आणि जिना चढून घरी येईपर्यंत तोंडघशी पडलो.

परभणीत विद्यापीठाच्या रस्त्याला आमची तीन मजली इमारत आहे. अध्यक्षपद माझ्याकडं आलं ते काही कर्तृत्वामुळं नाही. जो सभेला गैरहजर असेल त्याला अध्यक्ष करायचं अशी आमच्याकडं पद्धत आहे, आणि मी त्या दिवशी दाढ दुखते म्हणून झोपलो होतो. तर आता गच्चीवर सोलरची पॅनेलं बसलीत. त्यांच्यामध्ये कुणाच्या चादरी, कुणाचं तिखट, कुणाचे गहू. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘आजपासून गच्चीवर कुणीही काहीही वाळत घालायचं नाही.’’ सगळ्यांनी हात वर केले. तळमजल्यावरच्या लतावहिनी तेवढ्या सभेला नव्हत्या. त्याच वेळी त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या.

घरी शोभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाकरी थापत होती. मी ठराव वाचून दाखवला. तिनं मान वर केली नाही.

‘‘लागू कधीपासून?’’

‘‘आजपासून.’’

‘‘आणि होळीच्या दिवशी लतावहिनींना कोण म्हणालं होतं, उन्हाळाभर गच्ची तुमची, फक्त तेवढी झाडून घेत जा म्हणून?’’

मी होळी आठवायचा प्रयत्न केला. होळी आठवली. पुरणपोळी आठवली. पुरणपोळीनंतर उदार होऊन मी जे बोललो होतो, तेही आठवलं. लतावहिनी तेव्हापासून रोज सकाळी ती अख्खी गच्ची झाडतात, टाकीचं झाकणसुद्धा पुसतात. आणि त्या भरवशावर त्यांनी अर्ध्या गल्लीच्या कुरडयांचं काम घेतलेलं.

‘‘अण्णा असते तर,’’ शोभा म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली. वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सोनपेठ तालुक्यात गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव, घर शेतकऱ्याचं, आणि त्या घरातलेच काय, त्या गावातले ते पहिले वकील. आयुष्यभर एसटीनं पाथरीच्या कोर्टात गेले आणि एसटीनं परत आले. उंच, वाळके, कान जरा मोठे. आवाज इतका हळू की न्यायाधीशांना पुढं वाकावं लागे. ‘‘वरडलं की माणूस मागं सरकतंय,’’ ते म्हणायचे, ‘‘हळू बोललं की म्होरं येतंय.’’

त्यांचा काळा कोट हे एक प्रकरण होतं. घरून निघताना तो कोट उलटा करून, अस्तर बाहेर काढून, घडी घालून हातावर टाकलेला असायचा. एसटीत मांडीवर. उतरल्यावर हातावर. कोर्टाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की झटकून अंगात, आणि संध्याकाळी त्याच पायरीवर अंगाबाहेर. एका कराराचा अपवाद सोडला तर गावात, बाजारात, लग्नकार्यात अण्णांना कोटात पाहिलेला माणूस नव्हता. नव्या जावयाच्या आगाऊपणानं मी एकदा कारण विचारलं.

‘‘कोट कायद्याचा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी रस्त्यानं भाजी घ्यायला निगालेला माणूस. त्याला कशाला संगं फिरवू?’’

दुसरी सवय प्रश्नाची. कोणतीही नवी गोष्ट कानावर आली की माणसं विचारतात, ‘काय?’ अण्णा विचारायचे, ‘‘कवापासून?’’ सरकारनं नवा कायदा आणला? कवापासून? शाळेची वेळ बदलली? कवापासून? सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, ‘‘मी उद्यापासून तुमच्यासंगं बोलणारच न्हाई.’’ अण्णांनी शांतपणे विचारलं, ‘‘उद्या सकाळपासून का उद्या रातीपासून?’’

याच्या मागोमाग त्यांचा दुसरा प्रश्न यायचा, ‘‘कुणासाठी?’’ या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते तिसरं काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. नियम सगळ्यांसाठी पाहिजे आणि पुढच्यासाठी पाहिजे. मागं वळून एखाद्याची मानगूट धरणारा नियम त्यांना नियम वाटायचा नाही.

सुट्टीत नातवंडं जमली की बाजेवर पत्ते पडायचे. ‘बदाम सात’. एकदा माझ्या मुलीच्या हातात सगळी भरताड पानं आली. तिनं पहिलं पान पडायच्या आधीच प्रस्ताव मांडला की बदामाऐवजी इस्पिकानं सुरुवात व्हावी. मामेभावंडं तिच्या बाजूची, आजी तिच्या बाजूची, मीही, मुलीचा बाप म्हणून, तिच्या बाजूचा. अण्णा एकटे पडले. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, ‘‘ठराव मंजूर.’’

पोरांनी आरोळी ठोकली.

‘‘पुढच्या डावापासून,’’ अण्णा म्हणाले आणि बदामाची सत्ती खाली टाकली.

‘‘पण आजोबा, आम्ही जास्त आहोत!’’

‘‘हाव ना. म्हणून तर मंजूर केलाय. पन ही पानं वाटली तवा मी बदामाच्या भरवशावर बसलो व्हतो. तुमी लय असलाव म्हनून माझा भरवसा मागं जाऊन कसा मोडताल?’’

मुलगी रुसली, हरली, आणि पुढच्या डावाला इस्पिकानं सुरुवात करून पुन्हा हरली.

अण्णांच्या शेतात बांधावर एक आंब्याचं झाड होतं, शेपूच्या वासाच्या आंब्याचं. तो वास काहींना सोसत नाही, पण आमच्या सासुरवाडीला त्याच्याशिवाय उन्हाळा उन्हाळा वाटत नसे. एका वर्षी मोहोर जेमतेम होता आणि अण्णांनी सोनपेठच्या एका बागवानाला ते झाड मोहोरावरच मक्त्यानं दिलं. पुढं काय झालं कुणास ठाऊक, झाड असं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. घरात बैठक बसली. सासूबाई, मेहुणे, त्यांच्या बायका, सगळ्यांचं एकच म्हणणं, की बागवानाला सांगा, यंदा झाड घरासाठी ठेवलंय. तोंडी तर बोलणं झालं होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बरुबर हाय तुमचं. पुढच्या वर्षी झाड कुणाला द्यायचं न्हाई.’’

त्या वर्षी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य असं, की सोनपेठच्या आठवडी बाजारात अण्णा स्वतःच्या झाडाचे आंबे हातात घेऊन, हुंगून, त्याच बागवानाशी भावाची घासाघीस करायलेत. बागवान म्हणायलाय, ‘‘साब, ऐसेच ले जाओ, आपकाच झाड है.’’ आणि अण्णा म्हणायलेत, ‘‘झाड माझं, आंबा तुझा. पन तुझा आंबा महाग हाय.’’

आता याच्यावरून कुणाला वाटेल की अण्णा म्हणजे करारापुढं आंधळे. तसं नव्हतं. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मी एकदा एसटीची वाट बघत त्यांच्याशेजारी बसलो होतो. तिथं दोन तरुण वकिलांची जुंपली होती. एक म्हणत होता, निवडून आलेली विधानसभा काय वाट्टेल तो कायदा करू शकते, लोकांनीच तर पाठवलंय. दुसरा म्हणत होता, दोन माणसांनी आपखुशीनं केलेल्या कराराला विधानसभेनं बोटसुद्धा लावता कामा नये. दोघं अण्णांकडं वळले. अण्णांनी बशीतला चहा संपवला.

‘‘विधानसभेला हात हाय, आन लय लांब हाय,’’ ते पहिल्याला म्हणाले. ‘‘पन त्या हाताला मनगट बी हाय. हात तिथं वळतो. घटना म्हंजे मनगट.’’

दुसरा खूश झाला. अण्णा त्याच्याकडं वळले.

‘‘आन तू. माझ्या आज्यानं एका माणसाला जन्माचा सालगडी लिहून घेतला व्हता. दोघांनी कबूल केलेला कागद. एकाच्या पोटात भूक व्हती म्हनून कबूल. तसले कागद रद्द करणारा कायदा आला तवा मीच तो गावात वाचून दाखवला. करार म्हंजे देव न्हाई. त्यात कुणाच्या गळ्याला फास असंल तर कायद्यानं हात घालायचाच. पन कसा? सगळ्याच गळ्यांसाठी, उजेडात, कारण सांगून. कुण्या एका माणसाची सोय व्हावी म्हनून न्हाई. एका माणसासाठी केलेला कायदा म्हंजे कायदा न्हाई, ती चिठ्ठी.’’

हे बोलताना त्यांचा आवाज जरा चढला होता. का चढला, ते मला ठाऊक होतं. कारण एकदा तशी चिठ्ठी त्यांच्याच नावानं निघाली होती, आणि त्या चिठ्ठीशी माझा अगदी जवळचा संबंध होता. लग्न माझं होतं.

अण्णांच्या गावात मारुतीच्या देवळापुढं एक सभागृह आहे. गावानं मिळून बांधलेलं, वर स्लॅब, आत पंखे. गावातलं लग्न तिथं लागावं अशी प्रत्येकाची इच्छा, कारण वैशाखात आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, हे परभणीकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. सभागृह कुणाला कधी द्यायचं याचा कागद नव्हता, चाल होती. ज्याला तारीख पाहिजे त्यानं मारुतीपुढं सुपारी ठेवायची, तारीख मोठ्यानं बोलायची, देवळाच्या गुरवानं ऐकायची आणि सुपारी फडक्यात बांधून देवळीत ठेवायची. झालं लग्न की सुपारी ज्याची त्यानं उचलायची. आधी सुपारी त्याचा मांडव. ही चाल अण्णांच्याच सल्ल्यानं पडलेली.

आमचं लग्न जमलं हिवाळ्यात. आमच्या गुरुजींनी वैशाखातली एक तारीख काढली आणि माझ्या आईनं ती पक्की धरली. दुसरी कोणतीच तिला पटेना. अण्णा देवळात सुपारी ठेवायला गेले तर गुरव म्हणाला, त्या तारखेची सुपारी दिवाळीतच पडलीय. धोंडिबाची.

धोंडिबा आणि त्याची बायको कौसाबाई दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे. मुलगी सुमनचं लग्न दुसऱ्या एका टोळीतल्या मुलाशी ठरलेलं. दोन्ही घरं कारखाना बंद झाल्यावर परतणार, मग लग्न, आणि त्यानंतर मुलाकडची मंडळी वीटभट्टीच्या कामाला लांब जाणार. मधले तेवढेच दिवस. ती तारीख गेली तर सुमनचं लग्न वर्षभर लांबलं. आणि लांबलेलं लग्न पुन्हा जुळेलच याची हमी कुणी द्यावी? म्हणून निघायच्या आधी दोघं नवराबायको देवळात येऊन सुपारी ठेवून, निर्धास्त मनानं बैलगाडीत बसले होते. आता ते कुठल्या फडात होते हे गावात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते.

अण्णा काही न बोलता घरी आले. पण गाव बोललं. सरपंच बाबाराव म्हणजे अण्णांचे जुने दोस्त आणि त्याहून जुने पक्षकार. अण्णा पाथरीला गेलेले पाहून त्यांनी देवळापुढं सभा भरवली आणि ठराव केला, की ज्यांनी सभागृह बांधायला वर्गणी दिली त्यांचा हक्क पहिला, आणि जो माणूस महिनोन्‌महिने गावाबाहेर राहतो त्याची सुपारी धरायची नाही. एकूण एक हात वर. संध्याकाळी एसटी आली तेव्हा बाबाराव स्वतः फाट्यावर उभे.

हा प्रसंग मला शोभाच्या धाकट्या भावानं इतक्या वेळा करून दाखवलाय की मी तिथंच होतो असं मला वाटतं.

‘‘वकीलसाहेब, पेढे काढा! मांडव तुमचा!’’

अण्णांनी हातावरचा कोट सावरला. ‘‘कसा काय?’’

बाबारावांनी ठराव सांगितला. अण्णांनी लक्ष देऊन ऐकला.

‘‘कवापासून?’’

‘‘आजपासून.’’

‘‘कुणासाठी?’’

‘‘सगळ्यासाठी! नाव कुणाचंबी घेतलं न्हाई आमी. एकदम कायदेशीर.’’

‘‘नाव घेतलं न्हाई, पन माप माझंच घेतलंय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘धोंडिबाची सुपारी कवाची?’’

‘‘दिवाळीची.’’

‘‘मंग ठराव पुढच्या मांडवापासून.’’

बाबाराव चिडले. ‘‘आवो, अख्ख्या गावानं हात वर केलेत! गाव मोठं का एक सुपारी मोठी?’’

‘‘गाव मोठं. लय मोठं. म्हनून तर त्यो सुपारी गावाच्या हवाली करून गेला ना? लहानाच्या हवाली कुणी करतंय का?’’

‘‘तुमच्या पोरीचं लगन मोडंल, साहेब. परभणीवाले ऐकणार न्हाईत.’’

याच्यावर अण्णा वळले. फाट्यापासून घरापर्यंत चालत आले, आणि मेहुणा सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना घरात आल्यावरसुद्धा कोट हातावरून खाली ठेवायचं सुचलं नाही.

बाबाराव काही खोटं बोलत नव्हते. आमच्याकडं सभागृह मिळत नसल्याचा निरोप आधीच पोहोचला होता आणि माझी आई कडाडली होती, ‘‘मांडवाला छप्पर न्हाई तर लगीन न्हाई. माझं वऱ्हाड काय वाळवणाचं हाय, उन्हात पसरायला?’’

दोन-तीन दिवसांनी अण्णा स्वतः परभणीला आमच्या घरी आले. मी दारात होतो. खुर्चीच्या कडेवर बसले, जणू पूर्ण बसायचा हक्क अजून सिद्ध व्हायचाय. झालं ते सगळं सांगितलं, ठरावासकट. लपवलं काहीच नाही, आणि मला आठवतं, मला ते जरा मूर्खपणाचंच वाटलं. ठराव तुमच्या बाजूचा, गाव तुमच्या बाजूचं, आणि हा माणूस इथं येऊन समोरच्याची बाजू मांडायलाय!

आईनं पदर खोचला. ‘‘म्हंजे तुमाला तुमच्या पोरीपेक्षा ती ऊसतोडीवाली जवळची?’’

‘‘न्हाई, विहीणबाई. पोरीपेक्षा जवळचं मला कुणी न्हाई.’’

‘‘मंग?’’

अण्णा पुढं वाकले. आवाज इतका हळू झाला की आईलाही पुढं वाकावं लागलं.

‘‘आज धोंडिबाला दिलेली जबान मी चार हात वर झाले म्हनून मोडली, तर तुमाला दिलेली जबान उद्या कशाच्या जोरावर टिकंल? उद्या आमच्या गावानं असाबी ठराव करावा, की परभणीला पोरी द्यायच्या न्हाईत.’’

आई गप्प झाली. माझ्या माहितीत ती त्या वर्षातली पहिली वेळ. पण हो म्हणाली नाही. वर पंखा फिरत होता. माझं काय होणार हे त्या पंख्याखाली ठरत होतं आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं. तेवढ्यात अण्णा माझ्याकडं वळले.

‘‘जावईबापू, तुमाला ऊन चालंल का?’’

मी शोभाला त्याआधी एकदाच पाहिलं होतं. चहाचा ट्रे ठेवताना तिनं मला एक नजर दिली होती, तिच्यात लाज कमी आणि तपासणी जास्त होती. त्या नजरेनं मी केव्हापासूनच कामातून गेलो होतो. वैशाखातलं बारा वाजताचं ऊन, सूट, फेटा, मुंडावळ्या, होम, यातलं काहीही डोळ्यांपुढं न आणता मी छाती काढून म्हणालो, ‘‘ऊन काय, चालतंय की!’’

‘‘कबूल?’’

‘‘कबूल.’’

अण्णांनी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं; ती नजर इथं लिहीत नाही. मग ती म्हणाली, ‘‘चहा घ्या. गार व्हायलाय.’’ अण्णा खुर्चीत पूर्ण बसले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात धोंडिबा आणि कौसाबाई गावी परतले. गुरवानं त्यांना सगळं सांगितलं. दोघं तसेच अण्णांच्या अंगणात आले.

‘‘साहेब,’’ कौसाबाई म्हणाली, ‘‘आमी तिकडं फडात, आन तुमी हितं आमच्या सुपारीला राखण बसलाव म्हनं.’’

धोंडिबा म्हणाला, ‘‘मांडव तुमी घ्या, साहेब. आमचं काय, आमी पालात ऱ्हाणारी माणसं. कुठंबी अक्षता टाकूत.’’

अण्णा चिडल्याचे फार थोडे प्रसंग आहेत, त्यातला हा एक. ‘‘गावानं हिसकून घेऊ नये म्हनून मी भांडलो, आन तू फुकट द्यायला निगालास? उपकार नको करू. सौदा कर.’’

‘‘सौदा कसला?’’

‘‘तुझा मांडव दिवसभराचा. तुझी पंगत उठल्यावर बाकीचा दिस मला दे. लग्न आमी शाळंच्या मैदानात उन्हात लावूत, पन वऱ्हाड जेवंल सावलीत. सुपारी तुझी, तूच सोडू शकतूस. सरपंच न्हाई, सभा न्हाई, मी तर न्हाईच न्हाई. पन बदल्यात काय ते बोल. बदल्याबिगर सौदा न्हाई.’’

धोंडिबा डोकं खाजवायला लागला. कौसाबाईनं मात्र वेळ घेतला नाही.

‘‘आमच्या सुमनच्या डोक्यावर अक्षता टाकायला तुमी यायचं. काळा कोट घालून.’’

अंगणातली सगळी माणसं थबकली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. अण्णांनी आपल्या उलट्या घडीच्या कोटाकडं असं बघितलं, जणू त्याला विचारायलेत, तुला चालंल का?

‘‘कबूल,’’ अण्णा म्हणाले. देवळात जाऊन दुसरी सुपारी ठेवली.

तर त्या दिवशी वैशाखातल्या त्या धगीत, गावानं पहिल्यांदा वकीलसाहेबांना कोटात पाहिलं. सुमनच्या डोक्यावर अक्षता टाकून ते तसेच, घामानं निथळत, शाळेच्या मैदानात आले. मी तिथं होतो. मी तिथं बराच वेळ होतो. वरती कापड होतं, पण वारं सुटलं की कापड एकीकडं आणि मी दुसरीकडं. मंगलाष्टकं चालू असताना मला एकाच्या जागी दोन शोभा दिसायला लागल्या आणि दोन्ही मला हसत होत्या. माझे मामा शेजारच्याला विचारत होते, ‘‘उन्हात कोट घालून हिंडणारा ह्यो येडा कोण?’’ शेजारी म्हणाला, ‘‘नवरदेवाचा सासरा.’’ मामा म्हणाले, ‘‘मंग जोडी जुळलीया.’’

पंगत मात्र पंख्याखाली बसली. सरपंच बाबाराव स्वतः बुंदी वाढत होते आणि जो विचारेल त्याला सांगत होते, ठराव कायम आहे, पुढच्या मांडवापासून. तो लागू काही झाला नाही. दुसऱ्या वर्षी गावानंच तो मोडीत काढला.

अण्णांचे शेवटचे दिवस आमच्याकडं परभणीत गेले. डॉक्टरांनी उन्हातला प्रवास बंद सांगितला होता. आम्ही सगळे त्यांच्या पलंगाभोवती जमलो आणि एकमतानं ठरवलं, की अण्णांनी आता गावी जायचं नाही.

‘‘कवापासून?’’ उशीवरून आवाज आला.

‘‘आजपासून,’’ शोभा म्हणाली.

‘‘मंजूर. पन सुमनच्या पोरीचं लग्न हाय येत्या आठवड्यात. त्यो करार जुना.’’

‘‘अण्णा, तो सुमनच्या लग्नाचा होता. तिच्या मुलीच्या नाही.’’

‘‘कौसानं मुद्दत कुठं घातली व्हती?’’ अण्णा म्हणाले. ‘‘मीबी घालून घेतली न्हाई. चूक माझी. आता निभवावं लागंल.’’

जीप करून नेलं. मी गाडी लिंबाखाली लावायला सांगून सभागृहाच्या दाराशी आलो. चपला काढता काढता आत नजर गेली. मधोमध पंख्याखाली खुर्ची, खुर्चीत अण्णा, अंगात तो कोट. कोट तेवढाच होता, आतला माणूस कमी झाला होता. मुठीत अक्षता. शेजारी सुमन उभी होती, केस पिकायला लागलेली, त्यांच्या मुठीखाली आपला तळवा धरून, तांदूळ सांडू नयेत म्हणून. अण्णांना मी दारात दिसलो. त्यांचे ते मोठे कान जरा मागं सरकले, म्हणजे ते हसत होते.

‘‘जावईबापू,’’ ते म्हणाले, आणि आवाज इतका हळू होता की मी पुढं वाकलो, ‘‘आत या. ऊन लागंल.’’

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. कोट आमच्या कपाटात आहे, अस्तर बाहेर करून.

तर रविवारचा तो माझा ठराव. सोमवारी सकाळी मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगून आलो, की ठराव पुढच्या उन्हाळ्यापासून. यंदा गच्ची लतावहिनींची. दोघांनी कुरकुर केली, एकानं माझा राजीनामा मागितला, तो मी आनंदानं देऊ केला, पण पुढची सभा होईपर्यंत गैरहजर कोण हे कळणार नसल्यानं तो घेता येईना. घरी येऊन मी शोभाला सगळं सांगितलं. शाबासकीची अपेक्षा होती.

‘‘बरं केलंत,’’ ती म्हणाली. ‘‘आता वर जा. वहिनी एकट्याच कुरडया उलटायलेत, हात लावा.’’

‘‘आत्ता? या बाराच्या उन्हात?’’

‘‘चालतंय म्हणाला होतात ना?’’

‘‘ते अण्णांना म्हणालो होतो. त्यांनी विचारलं होतं.’’

‘‘अण्णांनी नव्हतं विचारलं. प्रश्न माझा होता,’’ शोभा म्हणाली. ‘‘तुमच्याकडं निघायच्या आधी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, लग्न तुझं, मांडव धरायचा का सोडायचा, ते तूच सांग, गावानं नको आणि मीबी नको. मी म्हणाले, मांडव सोडा, लग्न उन्हात लावू. फक्त त्या मुलाला एवढं विचारा, ऊन चालेल का. नाही म्हणाला, तर चहा घ्या आणि परत या.’’